वुड स्टोव्ह किती तापवायचा, आणि कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये जुनं घर घेतलंय आणि बैठकीच्या खोलीत कॅटॅलिस्ट (धूर जाळायला मदत करणारी, लेप दिलेली जाळी) नसलेला पोलादी वुड स्टोव्ह, म्हणजे घर ऊबदार ठेवायची लाकडाची बंद शेगडी, आधीपासूनच आहे. त्याच्या माथ्यावर लोहचुंबकाचा थर्मामीटर चिकटवलाय. रात्री स्टोव्ह गच्च भरून, हवा पूर्ण बंद करून झोपलं की काटा २५० फॅरनहाइटच्या आसपास घुटमळतो आणि सकाळी दाराची काच काळीकुट्ट झालेली असते. एका संध्याकाळी मात्र काटा ७५० च्या वर गेला आणि घाबरून तुम्ही दार उघडलंत. मग तापमान ठेवायचं तरी किती?

मी व्हरमाँटमध्ये राहते आणि आमचं घर हिवाळाभर मुख्यतः लाकडावरच ऊबदार राहतं. विचारलेत म्हणून आधी आकडे देते. सगळे फॅरनहाइटमध्ये, कारण इथले थर्मामीटर तसेच येतात. पोलादी किंवा बिडाच्या स्टोव्हचा माथा आग नीट लागल्यावर ४०० ते ६५० च्या दरम्यान असावा. ७०० ओलांडलं की सावध व्हायचं. ८०० म्हणजे स्टोव्हचं नुकसान व्हायला लागलंय असं समजायचं. अंधारात धातू मंद लाल दिसायला लागला, तर तो ९०० च्याही पुढे गेलेला असतो. एकेरी पत्र्याच्या धुराच्या पाइपवर, स्टोव्हपासून साधारण १८ इंच वर, २५० ते ४७५ हा पट्टा चांगला. तुमच्या स्टोव्हच्या मॅन्युअलमध्ये वेगळे आकडे असतील तर तेच धरा. सोपस्टोन या दगडाचे स्टोव्ह तर याहून कमी तापमानावर चालवतात.

पण हे आकडे आत येणारी हवा कमीजास्त करणाऱ्या दांडीने हवे तसे वरखाली करता येतील असं समजू नका. तुमची खरी अडचण तिथे आहे. उष्णता कमी हवी असेल तर लाकूड कमी घाला. हवा कोंडून आग मंद ठेवू नका. गावाकडे दूध उतू जायला लागलं की आजी चुलीतलं लाकूड मागे ओढायची, चुलीचं तोंड कधी बंद करायची नाही. इथेही तेच करायचं असतं. फरक एवढाच की एकदा भरलेलं लाकूड मागे ओढता येत नाही, म्हणून किती घालायचं हे आधीच ठरवावं लागतं.

हवा कोंडल्यावर आत काय होतं ते सांगते, म्हणजे काळ्या काचेचं कारण कळेल. लाकूड जसंच्या तसं जळत नाही. आधी त्यातलं पाणी १०० सेल्सिअसला उडतं. मग २०० ते ३०० सेल्सिअसच्या दरम्यान लाकूड आतून फुटायला लागतं आणि त्यातून वायू आणि डांबरी वाफा बाहेर पडतात. लाकडातली निम्म्याहून जास्त ऊर्जा या वायूंतच असते. ते पूर्ण जळायला साधारण ६०० सेल्सिअस, म्हणजे ११०० फॅरनहाइट लागतात, आणि हवाही लागते. तुम्ही निखाऱ्यांवर गच्च लाकूड भरून लगेच हवा बंद करता, तेव्हा निखाऱ्यांच्या धगीने वायू सुटत राहतात पण पेटत नाहीत. ते धूर होऊन वर जातात. काचेवर बसतात तो त्यातला थोडासा भाग. बाकीचा चिमणीत जातो आणि जिथे आतली भिंत २५० फॅरनहाइटच्या खाली असते तिथे पाण्याच्या वाफेसकट थिजतो. हाच क्रिओसोट.

क्रिओसोट आधी भुरभुरीत काजळीसारखा असतो, तो ब्रशने निघतो. मग काळे, चकचकीत पापुद्रे होतात. तरीही मंद आगच चालू राहिली तर शेवटी काचेसारखा कडक, वितळून घट्ट झालेला थर बसतो आणि तो साध्या ब्रशला दाद देत नाही. पुढे एखाद्या दिवशी जोरदार आग केली की हाच थर पेटतो. चिमणीतली आग २००० फॅरनहाइटपर्यंत जाऊ शकते. त्यात आतला मातीचा नळ तडकतो आणि भिंतीतलं लाकूड पेट घेऊ शकतं. तुमच्याकडे एका बाजूला रात्रभर २५० ची कोंडलेली आग आणि दुसऱ्या बाजूला अधूनमधून ७५० चा भडका, असं दोन्ही चाललंय. आधीच्या मालकाने चिमणी कधी साफ करून घेतली होती हे नक्की माहीत नसेल, तर पुढची आग लावायच्या आधी चिमणी साफ करणाऱ्याला बोलवा. पुढचं सगळं त्यानंतर.

आता थर्मामीटरबद्दल. माथ्यावरचा थर्मामीटर स्टोव्ह किती तापलाय ते सांगतो, पण तो उशिरा सांगतो. एवढं पोलाद तापायला वेळ लागतो. पाइपवरचा थर्मामीटर आत्ता या क्षणी आग काय करतेय ते सांगतो. म्हणून दोन्ही हवेत, आणि एकच घ्यायचा तर मी पाइपवरचा घेईन. तुमचा पाइप दुहेरी पत्र्याचा असेल तर बाहेरून लावलेला चुंबकी थर्मामीटर उपयोगाचा नाही, कारण बाहेरचा पत्रा थंडच राहतो. तिथे छोटं भोक पाडून आत सळई जाणारा प्रोब थर्मामीटर बसवावा लागतो. तो आतल्या धुराचं तापमान दाखवतो, म्हणून त्याचे आकडे मोठे असतात: ४०० च्या खाली क्रिओसोटची भीती, ९०० च्या वर फार गरम. एकेरी पाइपच्या पृष्ठभागावर ३५० दिसत असेल तर आतला धूर त्याच्या दीडपट ते दुप्पट गरम असतो, हे लक्षात असू द्या. एका थर्मामीटरचा आकडा दुसऱ्याच्या पट्ट्याशी जुळवत बसलं की घोळ होतो, आणि बहुतेकांचा होतो.

स्वस्त चुंबकी थर्मामीटर ५० अंशांनी सहज चुकतात. नवीन आणला की स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये ४०० वर ठेवून बघा काय दाखवतोय ते. स्टोव्हला पंखा असेल आणि तो चालू असेल, तर माथ्याचा आकडा आगीच्या मानाने कमी दिसतो.

आता एका संध्याकाळची भरणी कशी होते ते क्रमाने सांगते. दुपारची आग निवत आलेली असते, माथा २५० ते ३०० वर असतो आणि आत रसरशीत निखाऱ्यांचा थर असतो. मी हवा पूर्ण उघडते, मिनिटभर थांबते आणि मगच दार अगदी हळू उघडते, म्हणजे धूर खोलीत येत नाही. निखारे पुढे ओढून दारापाशी घेते. मागे वाळलेल्या अ‍ॅश किंवा मेपलचे चिरलेले चार-पाच फाटे रचते, प्रत्येक साधारण मनगटापासून पोटरीएवढ्या जाडीचा. दार लावते. हवा अजून पूर्ण उघडीच. पुढची दहा-पंधरा मिनिटं मी स्टोव्हपासून हलत नाही. या वेळात फोन नाही, अंगणातलं काम नाही. जवळजवळ सगळे भडके याच वेळात होतात.

फाट्यांच्या कडा काळ्या पडून त्यांच्यावर चौकोनी भेगा दिसायला लागल्या आणि पाइपचा काटा ४०० कडे सरकला की दांडी निम्म्यावर आणते. एकदम बंद करायची नाही. पाच-सात मिनिटं थांबून ज्वाळा बघते. त्या टिकून असतील तर दांडी पावभर उघडी राहील इतकी आत लोटते. याच सुमारास आतलं दृश्य बदलतं. लाकडाला चिकटलेल्या पिवळ्या, धावणाऱ्या ज्वाळा कमी होतात आणि वरच्या आडव्या फळीखाली, वरून हवा सोडणाऱ्या, भोकं असलेल्या नळ्यांपाशी, सावकाश वळणाऱ्या निळसर-केशरी ज्वाळा दिसायला लागतात. कधी कधी त्या लाकडाला टेकलेल्याही नसतात, हवेतच लोंबकळतात. तो धूरच जळत असतो. त्याच वेळी दोन थर्मामीटर उलट दिशेने जायला लागतात: पाइपचा काटा ४०० वरून ३२५ ला उतरतो आणि माथा ४५० वरून ६०० कडे चढतो. याचा अर्थ उष्णता चिमणीतून जायची थांबली आणि घरात यायला लागली. मला सगळ्यात जास्त समाधान या खुणेचं वाटतं आणि मी नवीन माणसाला आधी हीच दाखवते. हवा कमी केल्यावर ज्वाळा नुसत्या मेल्या, काच धुरकटली आणि दोन्ही काटे खाली आले, तर घाई झालीय. दांडी पुन्हा उघडायची आणि थोडं थांबायचं.

बाहेर जाऊन चिमणीकडे बघायची सवयही लावून घ्या. भरणीनंतर वीस-तीस मिनिटांनी चिमणीच्या तोंडाशी नुसती गरम हवा थरथरताना दिसायला हवी. कडक थंडीत थोडी पांढरी वाफ दिसेल, ती थोड्या अंतरावर विरून जाते. करडा-निळा धूर लांबवर रेंगाळत असेल तर आत काहीही आकडा असो, आग मंद आहे.

रात्रीच्या भरणीतही हाच क्रम ठेवायचा, फक्त झोपायच्या पाऊण-एक तास आधी सुरू करायचा. जाड फाटे घट्ट रचायचे, पूर्ण पेट घेऊ द्यायचे, पायरीपायरीने हवा कमी करायची आणि माथा ५५०-६०० वर स्थिरावला की झोपायला जायचं. दोन घनफुटांच्या स्टोव्हमध्ये यातून सहा-आठ तास निघतात. सकाळी माथा २५० च्या आसपास असेल, पण आत निखारे असतील आणि काच बरीचशी स्वच्छ असेल. तुमचा रात्रीचा २५० आणि हा सकाळचा २५० यांत फार फरक आहे. निखाऱ्यांच्या टप्प्यात वायू जळून गेलेले असतात, धूर नसतोच, म्हणून काटा खाली आला तरी चिमणीत काही साचत नाही. तुमच्या २५० मध्ये सगळे वायू अजून लाकडातच असतात आणि रात्रभर न जळता वर जातात.

आता ७५० ची संध्याकाळ. अशा वेळी दार उघडायचं नाही. दार उघडलं की आगीला हवं तेवढं वारं मिळतं आणि पाइपमधली धग एकदम वाढू शकते. खालची हवा पूर्ण बंद करायची, दार घट्ट लावलेलं आहे ना बघायचं, स्टोव्हचा पंखा असेल तर पूर्ण वेगाने लावायचा, पाइपमध्ये वेगळी झडप असेल तर ती बंद करायची. मग वाट बघायची. नव्या स्टोव्हमध्ये वरच्या नळ्यांची हवा सहसा बंद होत नाही, त्यामुळे काटा लगेच उतरणार नाही, दहा-वीस मिनिटं तिथेच रेंगाळेल. पाणी मारायचं नाही. तापलेलं बीड तडकतं आणि उसळलेली वाफ अंगावर येते. पाइपमधून मोठा घुमल्यासारखा, थरथरणारा आवाज यायला लागला किंवा चिमणीच्या तोंडातून ज्वाळा-ठिणग्या दिसल्या, तर चिमणी पेटलीय. हवा बंद करा, सगळ्यांना घराबाहेर काढा आणि ९११ लावा. आग आपोआप विझल्यासारखी वाटली तरी चिमणी तपासून घेईपर्यंत स्टोव्ह पुन्हा पेटवू नका.

तो भडका झाला कशाने हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण कारणं ठरलेली असतात. खूप निखारे असताना वरपर्यंत बारीक, फार कोरडं लाकूड भरलेलं असतं. किंवा पेट घेईपर्यंत दार किंवा राखेचा कप्पा जरासा उघडा ठेवून माणूस दुसऱ्या कामाला जातो. किंवा दाराभोवतीची, फट बंद करणारी दोरी झिजलेली असते आणि दांडी बंद असूनही हवा आत शिरत राहते. हे तिसरं कारण जुन्या घरातल्या स्टोव्हमध्ये फार सापडतं. स्टोव्ह गार असताना दारात एक डॉलरची नोट धरा, दार लावा आणि नोट ओढा. सहज सरकली तर तिथली दोरी बदलायला झालीय. चारही बाजूंनी बघा. दोरी स्वस्त असते आणि अर्ध्या दिवसात स्वतः बदलता येते.

ऑक्टोबर आणि एप्रिलसाठी वेगळं सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त क्रिओसोट मला त्याच महिन्यांत साचताना दिसतो. बाहेर ५० फॅरनहाइट असताना चिमणीची ओढ कमी असते, घरही फार थंड नसतं, म्हणून लोक स्टोव्ह भरतात आणि मंद ठेवतात. त्याऐवजी लहान पण जोरदार आग करा. खाली दोन-तीन मध्यम फाटे, त्यांवर आडव्याउभ्या काटक्या आणि सगळ्यात वर पेटवण. आग वरून खाली येते, चिमणी लगेच तापते, धूर फारसा होतच नाही. ही आग तास-दीड तास जळू द्या आणि विझू द्या. घर फार तापलं तर खिडकी उघडा, दांडी लोटू नका.

आपल्या घरांत हमखास घडणारी एक गोष्टही इथेच सांगते. फोडणी देताना गॅसवरचा एक्झॉस्ट हूड जोरात लावला की तो घरातली हवा बाहेर फेकतो. घर नीट बंदिस्त असेल तर ती हवा भरून काढायला चिमणीतून उलटी हवा खाली येऊ शकते. आग जोरात असेल तर चिमणी तग धरते. आग निखाऱ्यांवर आलेली असेल तर धूर दिसतही नाही, पण निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो. हूड लावताना जवळची खिडकी दोन बोटं उघडा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्टोव्हच्या मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर हवाच हवा.

पुढेमागे कॅटॅलिस्टचा स्टोव्ह घेतलात तर हिशोब थोडा बदलतो. त्यात पॅलॅडियम किंवा प्लॅटिनमचा लेप दिलेली जाळी असते आणि तिच्यामुळे धूर ११०० ऐवजी ५०० फॅरनहाइटच्या आसपासच जळायला लागतो. म्हणून तो स्टोव्ह मंदही चालतो. पण जाळी ५०० ला पोचायच्या आधी धूर तिच्यातून वळवायचा नाही, आणि रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, रंगीत छापील कागद त्यात कधीच जाळायचं नाही. जाळी निकामी होते. अर्थात हा कचरा तुमच्याही स्टोव्हमध्ये जाळू नका. स्टोव्हच्या पाठीवर ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची) पट्टी आहे का बघा. त्यांच्या १९८८ च्या धुराबद्दलच्या नियमांच्या आधीचा स्टोव्ह असेल तर त्यात धूर जाळायची सोय बहुधा नसेल. अशा स्टोव्हमध्ये कमी लाकूड आणि जास्त हवा, याशिवाय दुसरा मार्ग नाही.

एवढं सगळं केलं आणि लाकूड ओलं असलं, तर काहीच जमणार नाही. तुमच्या प्रश्नात लाकडाबद्दल एकही शब्द नाही, म्हणून मला तीच शंका जास्त आहे. दुकानात ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटर मिळतं. ते फाट्याच्या बाहेरच्या बाजूला लावू नका. फाटा खोलीत आणून पुन्हा चिरा आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या आतल्या बाजूला सुया टोचा. २० टक्क्यांच्या खाली हवं. हे मीटर कोरड्या लाकडाच्या वजनाशी तुलना करतं: पाच किलो कोरड्या लाकडाच्या फाट्यात २० टक्क्यांना एक लिटर पाणी असतं, ४० टक्क्यांना दोन लिटर. सहा फाट्यांची भरणी असेल तर स्टोव्हमध्ये सहा लिटर जादा पाणी जातं. ते वाफ करण्यात जाणारी उष्णता एकूण ऊर्जेच्या मानाने थोडीच असते. मोठं नुकसान असं की ते पाणी उडेपर्यंत आग ६०० सेल्सिअस गाठूच शकत नाही, आणि निम्म्याहून जास्त ऊर्जा असलेले वायू तेवढ्या वेळात न जळता निघून जातात. ओला फाटा ओळखायला मीटरही लागत नाही. त्याच्या टोकांना फेस येतो आणि तो सुसू आवाज करत राहतो. हवा जराशी कमी केली की आग झोपते. काचेचे खालचे कोपरे आधी काळे पडतात.

विकणारा ‘सीझन्ड’ (वाळवलेलं) म्हणतो त्यावर विसंबू नका. झाड गेल्या वर्षी पाडलं असेल, पण चिरलं कधी ते महत्त्वाचं, कारण लाकूड चिरल्यावर खरं वाळायला लागतं. अ‍ॅश, बर्च, मेपल एका पूर्ण उन्हाळ्यात बऱ्यापैकी वाळतात. ओकला दोन उन्हाळे लागतात आणि त्यात सवलत नाही. पाइन जाळू नये असं तुम्हाला कोणीतरी सांगेल, पण नीट वाळलेला पाइन उत्तम जळतो, फक्त लवकर संपतो, म्हणून एका वेळी कमी घालायचा. उलट ओला ओक कितीही महाग असला तरी चिमणीचं वाटोळं करतो.

या हिवाळ्यापुरतं तुमच्याकडे असलेलं लाकूड २५-३० टक्क्यांचं निघालं, तर ते एकट्याने जाळू नका. मेणाशिवायच्या, भुसा दाबून केलेल्या विटा मिळतात. त्या अगदी कोरड्या असतात. प्रत्येक भरणीत एक-दोन विटा आणि बाकी फाटे असं मिसळा. नुसत्या विटांनी स्टोव्ह भरू नका, नाहीतर पुन्हा ७५० दिसेल. फाटे अजून बारीक चिरा आणि दोन-तीन दिवस पुरतील एवढे घरात आणून स्टोव्हपासून निदान तीन फूट लांब रचा. राख इंचभर ठेवून बाकीची काढत जा. ती झाकणाच्या लोखंडी बादलीत, घराबाहेर, लाकडी डेकवर नव्हे तर दगडावर किंवा मातीवर ठेवा, कारण राखेतले निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात.

आणि पुढच्या हिवाळ्याचं लाकूड मार्चअखेर मागवा, बर्फ वितळल्या वितळल्या. आजूबाजूच्या गावातलंच घ्या, लांबून आणू नका. लाकडातून अ‍ॅशची झाडं मारणारे किडे पसरतात. आलं की लगेच रचा: जमिनीपासून वर, पॅलेटवर, दुपारचं ऊन आणि वारा मिळेल अशा जागी, एकाच ओळीत. झाकायचं ते फक्त वरून. ताडपत्री चारही बाजूंनी जमिनीपर्यंत ओढली तर आतली वाफ आतच राहते आणि ऑक्टोबरमध्ये मीटर पुन्हा ३० दाखवतं.